शर्यत जिंकली, पण बाप कसा निघेल?

१९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडमध्ये वर्षभराचं एक शिंगरू २८ हजार गिनींना विकत घेतलं. तेव्हाच्या दराने हे जवळजवळ चार लाख रुपये झाले. ब्रिटनमध्ये एवढ्या वयाच्या शिंगराला तोवर इतकी किंमत कुणीच मोजली नव्हती. ते अजून एकही शर्यत धावलं नव्हतं. सख्ख्या भावाने, दांतेने, त्याच वर्षी इंग्लिश डर्बी जिंकली होती, हेच त्याचं भांडवल. महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं : सयाजीराव. (बडोद्याच्या दांडिया बाजारातली तेव्हाची मंडळी यावर काय म्हणाली असतील, ते ऐकायला मला आवडलं असतं.)

सयाजीरावने १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकून नाव राखलं. पण रेसचा घोडा धावतो तीन-चार वर्षं, आणि पैदाशीला ठेवला तर पुढे पंधरा-वीस वर्षं. घोडी अकरा महिने गाभण राहते, वर्षाला एकच शिंगरू देते. नराकडे मात्र आज एका हंगामात शंभरावर घोड्या येऊ शकतात. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या या जातीत, कृत्रिम रेतनाला परवानगी नाही, त्यामुळे प्रत्येक घोडी प्रत्यक्ष त्याच्यापाशी आणावी लागते. नराची निवड चुकली, तर ती चूक एका पिढीत शेकडो शिंगरांत उतरते.

विजेत्याची पोरं विजेती का होत नाहीत? थोरला मेडिकलला गेला की धाकट्याकडूनही घरचे तीच अपेक्षा धरतात, आणि बहुतेक वेळा तोंडघशी पडतात. घोड्यांचंही तसंच. सख्ख्या भावंडांची सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात. शिवाय पळण्यातला सगळा फरक जनुकांमुळे पडत नाही. हँडिकॅप रेटिंगसारख्या (घोड्याची कुवत पाहून दिलेले गुण) मोजमापात आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक-तृतीयांश धरला जातो. म्हणजे समजा, नर सरासरीपेक्षा २० गुण वर आहे आणि घोडी १०, तर दोघांची सरासरी १५. त्यातला तिसरा हिस्सा, सुमारे ५ गुण, एवढीच अपेक्षा शिंगराकडून ठेवावी. बक्षिसाची कमाई मोजली, तर हा वाटा आणखी घटतो. २००८च्या एका ब्रिटिश अभ्यासात तो १० टक्क्यांच्या आसपास निघाला. महागड्या नरांची पोरं जास्त कमावतात हे खरं. पण महाग शिंगरू घेणारा मालक चांगला ट्रेनर, चांगला खुराक आणि चांगला जॉकीही घेतो, हा त्यातला मोठा भाग.

म्हणून जाणकार नुसते विजय मोजत नाहीत. कुणाला हरवलं, किती वजन पाठीवर घेऊन, कोणत्या वयात, हे पाहतात. पाय किती हंगाम टिकले, तेही. श्वासाचा आवाज ऐकतात, कारण स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची नस निकामी होऊन घोडा धावताना घरघरतो, आणि या दोषाला आनुवंशिक बाजू आहे. माझ्या मते घोड्याच्या देखणेपणापेक्षा त्याच्या आईची इतर पोरं कशी पळाली, हे अधिक सांगून जातं. अमेरिकेतला डान्झिग गुडघ्याच्या दुखण्यापायी तीनच शर्यती धावला. तिन्ही जिंकला, आणि पुढे तिथल्या सर्वांत यशस्वी नरांत गणला गेला. कारकीर्द छोटी म्हणजे कुवत छोटी, असं धरलं असतं तर तो हातचा गेला असता.

एका बाबतीत मात्र आता जनुकाकडे थेट पाहता येतं. मायोस्टॅटिन हे जनुक स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. २०१०मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की, याच्या ‘सी’ रूपाच्या दोन प्रती असलेले घोडे आखूड पल्ल्याला, ‘टी’च्या दोन प्रतीवाले लांब पल्ल्याला आणि एकेक प्रत असलेले मधल्या अंतराला चालतात. नराकडे दोन्ही ‘सी’ असतील, तर त्याच्या प्रत्येक पोराला एक ‘सी’ मिळणारच. ही चाचणी अंतर सांगते. घोडा त्या अंतरावर पहिला येईल की शेवटचा, हे सांगत नाही. गंमत अशी की, आधुनिक थरोब्रेडमध्ये ‘सी’ रूप पसरण्यामागे १९५४मध्ये जन्मलेल्या निआर्क्टिकचा मोठा हात असल्याचं पुढे आढळलं. हा निअर्कोचा मुलगा, म्हणजे बापाकडून सयाजीरावचा सावत्र भाऊ. खुद्द सयाजीरावची पोरं मात्र दमाची निघाली : ग्लॅडनेसने १९५८चा सुमारे ४,००० मीटरचा अॅस्कट गोल्ड कप जिंकला, तर इंडियानाने १९६४मध्ये बापाचीच सेंट लेजर.

महाराजांचा दुसरा घोडा माय बाबू. याने १९४८ची टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली, पण ब्रिटिश जनरल स्टड बुकच्या, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीच्या, लेखी तो शुद्ध थरोब्रेड नव्हताच. १९१३च्या जर्सी नियमानुसार, ज्याचे सगळे पूर्वज त्या पुस्तकात सापडत नाहीत तो अर्धरक्ताचा. माय बाबूच्या फ्रेंच घराण्यात अमेरिकन रक्त होतं. त्याच साली ब्लॅक टार्क्विन या दुसऱ्या ‘अर्धरक्ता’ने सेंट लेजर नेली, आणि १९४९मध्ये नियम शिथिल करावा लागला. निकालांपुढे वंशावळीचा तोरा टिकला नाही.

कधी वंश चोख, पाय चोख आणि तरीही घोडी फळत नाही. माय बाबूचा मुलगा क्रोझियर, आणि क्रोझियरचा मुलगा प्रिसिजनिस्ट. याने १९८५ची ब्रीडर्स कप स्प्रिंट जिंकली. पैदाशीला ठेवल्यावर त्याची प्रजननक्षमता इतकी कमी निघाली की, १९८८मध्ये त्याला पुन्हा ट्रॅकवर उतरवलं. म्हणूनच खरेदीआधी पशुवैद्य वृषणांचं माप घेतात आणि तासाभराच्या अंतराने दोनदा वीर्य तपासतात. रेसच्या काळात दिलेल्या स्टेरॉइडमुळेही वृषणांचं काम मंदावतं.

एवढं करूनही खरा निकाल लागतो तो पोरं धावल्यावर. आज घोडी लावली, तर पहिली पोरं रेसकोर्सवर दिसायला तीन वर्षं जातात. मधल्या काळात मालक धीर सोडतात आणि नराची फी, म्हणजे घोडी लावण्याचा दर, घसरते. मुलींकरवी येणारं यश तर आणखी उशिरा कळतं. माय बाबूचा मुलगा आवर बाबू याने १९५५ची गिनीज जिंकली, पण बाबूचा मोठा ठसा दिसला तो नातवंडांत. १९६७चा अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा डमास्कस त्याच्या मुलीच्या, केरालाच्या, पोटचा. १९७४मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकणारा लिटल करंटही त्याच्या एका मुलीचाच.