मलाजखंडचे तांबे: धातुखनिजांच्या वयाच्या शोधाची पार्श्वभूमी

गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. 1982 साली सुरू झालेली हिंदुस्थान कॉपरची ही खाण देशातील सर्वांत मोठ्या ताम्रसाठ्यांपैकी एकावर चालते. ग्रॅनाइटमध्ये शिरलेल्या क्वॉर्ट्झच्या शिरांत येथील चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोह व गंधक यांचे खनिज, सापडते. ते ग्रॅनाइटबरोबरच आले, की ग्रॅनाइट थिजून युगे लोटल्यावर बाहेरच्या उष्ण द्रवांनी आणले, हा वाद बराच काळ रेंगाळला. कारण खडकाचे वय मोजता येत असले, तरी त्यातील धातूचे वय मोजण्याची खात्रीची पद्धत उपलब्ध नव्हती.

खडकाच्या वयाची वाट ब्रिटिश भूवैज्ञानिक आर्थर होम्स यांनी 1911 साली मोकळी केली. युरेनियमचे ठरावीक वेगाने शिशात रूपांतर होते; नॉर्वेतील खनिजांमधील या दोहोंच्या प्रमाणावरून त्यांनी डेव्होनियन काळासाठी सुमारे 37 कोटी वर्षे हा आकडा मांडला, तोही समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंची, कल्पना रुजण्याआधी. पुढे भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नीर यांनी मास स्पेक्ट्रोमीटर या अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाने वेगवेगळ्या खाणींतील शिशाची समस्थानिक घडण वेगवेगळी असल्याचे दाखवले आणि 1946 साली होम्स व फ्रिट्झ हाउटरमन्स यांनी स्वतंत्रपणे त्यावरून कालगणनेचे गणित बसवले. धातुखनिजालाच त्याचे वय विचारण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. मात्र शिसे एकाच एकजिनसी स्रोतातून, एकाच वेळी वेगळे झाले, हे त्यातील गृहीतक अनेक ठिकाणी टिकले नाही. अमेरिकेतील जॉप्लिन परिसरातील गॅलेना या शिशाच्या खनिजाचे वय तर या गणिताने चक्क भविष्यकाळातले निघते.

भूकवचाच्या इतिहासाचा भार मग ग्रॅनाइटसारख्या खडकांत आढळणाऱ्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाने उचलला. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियम सामावून घेते आणि शिसे जवळजवळ नाकारते. युरेनियमची दोन समस्थानिके दोन वेगांनी ऱ्हास पावत असल्याने एकाच कणात दोन घड्याळे चालतात, आणि त्यांचा मेळ बसतो की नाही, हे ताडण्याची आलेखपद्धत जॉर्ज वेदरिल यांनी 1956 साली दिली. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या एका कणाचे 440 कोटी वर्षांचे वय 2001 साली जाहीर झाले, ते याच मार्गाने. चाल्कोपायराइटमध्ये मात्र असे सोयीचे घड्याळ नसते.

मलाजखंडमध्ये ही उणीव तांब्याच्या सोबतीला असलेल्या मॉलिब्डेनाइटने भरून काढली. हे करडे, मऊ, पापुद्र्यांचे खनिज घडताना रेनियम हा धातू घेते, ऑस्मियम हा दुसरा धातू जवळपास घेतच नाही; त्यामुळे आज त्यात आढळणारे ऑस्मियम-187 जवळजवळ सगळेच रेनियम-187 च्या ऱ्हासातून आलेले असते. रेनियम-187 चा अर्धायुष्यकाल 4,000 कोटी वर्षांहून अधिक असल्याने अतिप्राचीन नमुन्यांसाठीही हे घड्याळ चालते. हॉली स्टाइन व सहकाऱ्यांनी 2004 साली मलाजखंडच्या मॉलिब्डेनाइटचे वय सुमारे 249 कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेथील ग्रॅनाइटच्या झिरकॉनचे वय सुमारे 248 कोटी वर्षे असल्याचे नोंदवले. रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने आधी मिळालेली वये याहून कमी होती आणि त्यांची त्रुटीमर्यादाही मोठी होती. नंतरच्या उष्णतेने रुबिडियम-स्ट्रॉन्शियमचे घड्याळ सहज बिघडते.

धातू आणि खडक यांची स्वतंत्र पद्धतींनी काढलेली वये इतकी जवळ आल्याने, तांबे फार नंतर आले, या मताचा आधार माझ्या मते बराच ढासळला. गोंदियातील आमगावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्टिताश्मांचा (नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकांचा) हा प्रदेश सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या आर्कियन युगाच्या अखेरीच्या सुमारास ग्रॅनाइटी शिलारसाने आणि त्याच्या धातूंनी समृद्ध होत होता, हे चित्रही त्यातून स्पष्ट होते. मात्र या साठ्याला पॉर्फिरी प्रकारचा, म्हणजे थिजत्या शिलारसातूनच सुटलेल्या उष्ण द्रवांनी घडवलेला, म्हणावे की नाही, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. जुळलेली वये घटनेचा काळ सांगतात, द्रव कोठून व कसे आले, हे सांगत नाहीत.