हार्नेस अडकवायचा कुठे? रेसिंग सीट आणि पट्ट्यांच्या वादामागची गोष्ट

ट्रॅकवर पळवण्यासाठी गाडी तयार करायला घेतली की बहुतेकांच्या हातून आधी बदलली जाते ती सीट, आणि तिच्यामागोमाग शरीराला अनेक पट्ट्यांनी सीटशी बांधणारा हार्नेस येतो. इंजिनाला हात लावावा लागत नाही, आणि पहिल्याच वळणावर फरक जाणवतो, कारण शरीर सीटमध्ये घसरत नाही आणि स्टिअरिंगला लटकून स्वतःला सावरावं लागत नाही. दोन्ही वस्तू दुकानात सुट्या मिळतात, मान्यतेचं लेबल लावूनच. गोंधळाचं मूळ याच सुटेपणात आहे. लेबल वस्तूची हमी देतं, ती कुठे आणि कशी बसवली याची नाही.

रेसिंगमधला हार्नेस विमानातून आला. वैमानिकाला चार-पाच पट्ट्यांनी बांधायचं आणि मधलं एकच बकल फिरवून सगळे पट्टे एकदम सोडायचे, ही कल्पना तिथली. गाड्यांच्या शर्यतींत ती रुजायला मात्र वेळ लागला. आग लागली तर अडकून मरण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असं तेव्हाचे ड्रायव्हर उघड बोलत. पत्र्याच्या टाक्यांतलं पेट्रोल दोन्ही बाजूंना घेऊन पळणाऱ्या गाड्यांत या बोलण्याला वेडेपणा म्हणणंही कठीण होतं. अमेरिकेतल्या हौशी स्पोर्ट्स कार शर्यतींत कमरेचा पट्टा १९५४ मध्ये सक्तीचा झाला. १९५९ मध्ये एका स्वीडिश कंपनीने साध्या गाडीत तीन-पॉइंट, म्हणजे गाडीला तीन जागी अडकवलेला, पट्टा आणला. ग्राँ प्रीमध्ये सहा-पॉइंट हार्नेसची सक्ती व्हायला १९७२ उजाडलं. मधल्या काळात काही ड्रायव्हर आपणहून पट्टे लावू लागले होते, पण नियमापुरतं बोलायचं तर तेरा वर्षं बाजारहाटाची गाडी जगातल्या सर्वांत वेगवान गाडीच्या पुढे होती.

चारचे सहा पॉइंट का झाले, हे बसवणाऱ्याला कळलंच पाहिजे. चार-पॉइंट हार्नेसमध्ये खांद्यांचे दोन्ही पट्टे मधल्या बकलला जोडलेले असतात. समोरून धडक बसली की छाती पुढे जाते, खांद्यांचे पट्टे ताणले जातात आणि बकल वर ओढलं जातं. बकलबरोबर कमरेचा पट्टाही ओटीपोटाच्या हाडावरून निसटून मऊ पोटावर चढतो, आणि शरीर त्याच्या खालून पुढे सरकतं. याला सबमरीनिंग म्हणतात. त्यात आतडी, यकृत आणि पाठीचा कणा सगळंच धोक्यात येतं. मांड्यांमधून जाणारे पट्टे बकलला खाली धरून ठेवण्यासाठी आले. आधी एक होता. तो नको तिथे भार टाकतो म्हणून त्याचे दोन झाले.

त्यानंतरची साधारण तीस वर्षं हार्नेसची चर्चा पट्टे किती, रुंदी किती आणि बकल कोणतं यापलीकडे फारशी गेली नाही. ती बदलली २००१ मध्ये.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेतल्या डेटोनाच्या लंबगोल ट्रॅकवर ५०० मैलांच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत सात वेळा अजिंक्यपद मिळवलेल्या एका ड्रायव्हरची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना ती धडक फार मोठी वाटली नव्हती. पाच दिवसांनी आयोजकांनी जाहीर केलं, की त्याच्या कमरेचा डावा पट्टा तुटलेला सापडला आहे. तिथून जो वाद पेटला त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले. पट्टा तुटला कशाने, हा एक. तो तुटल्यामुळे माणूस गेला का, हा दुसरा. वर्तमानपत्रांना आणि चाहत्यांना दोन्हींचं एकच उत्तर हवं होतं.

पट्टा बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, की पट्ट्यात दोष नाही. तो सूचनेप्रमाणे बसवलेला नव्हता, ड्रायव्हरच्या सोयीसाठी वेगळ्या जागी आणि वेगळ्या कोनात अडकवला होता. गाडीत आधी पोचलेल्या एका बचाव कर्मचाऱ्याने सांगितलं, की बकल सोडलं तेव्हा पट्टा अखंड होता. एप्रिलमध्ये न्यायालयामार्फत नेमलेल्या तज्ज्ञाने शवविच्छेदनाचे पुरावे तपासून मत दिलं, की डोकं पुढे झटकलं गेल्याने कवटीच्या तळाला तडा गेला आणि पट्टा शाबूत असता तरी तो टळला नसता. ऑगस्टमधल्या आयोजकांच्या अहवालात मात्र एकच कारण धरलेलं नव्हतं. दुसऱ्या गाडीशी झालेली आधीची टक्कर, भिंतीवर आदळण्याचा कोन आणि पट्ट्याचं तुटणं या सगळ्यांचा एकत्र परिणाम, असं त्यात म्हटलं होतं. तोवर पट्टा कंपनीच्या संस्थापकाने कंपनी सोडलीही होती.

दोष कोणाचा यावर इतकी शाई सांडली, की अहवालातला आपल्या कामाचा भाग मागे पडला. पट्टा तुटण्याचं कारण तिथे दिलं होतं डंपिंग. पट्टा ज्या धातूच्या खाचेतून जातो तिथे तो सपाट बसला पाहिजे. ओढ तिरकी असली की धडकेच्या क्षणी तो खाचेत सरकतो आणि एका कोपऱ्यात गोळा होतो. मग भार पूर्ण रुंदीवर न पसरता एका काठावर येतो, आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. कापड तेच, मान्यता तीच, शिलाई तीच. फरक पडतो तो अँकरच्या, म्हणजे पट्टा गाडीला जिथे अडकवतात त्या बिंदूच्या, जागेने आणि पट्टा ज्या रेषेत ओढला जातो तिने. माझ्या मते हार्नेसच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच, पण भांडणाच्या गदारोळात तो बसवणाऱ्यांपर्यंत पोचला कमी. आजही हौशी गाडीत वाकून पाहिलं तर कमरेचा पट्टा सीटच्या भोकातून न जाता तिच्या कडेवरून वळसा घेऊन गेलेला दिसतो, आणि त्याचा अडजस्टर नेमका कडेवर टेकून तिरका झालेला असतो. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेचा (FIA) नियम सांगतो, की कमरेचा पट्टा सीटच्या आतून जावा आणि ओटीपोटाचं हाड नि मांडी यांच्यातल्या घडीत बसावा; पोटावर कधीच नाही.

डेटोनाच्या आधीच्या वर्षभरात त्याच संघटनेच्या शर्यतींत आणखी तीन ड्रायव्हर मान किंवा कवटीच्या तळाच्या दुखापतींनी गेले होते. त्यावरचा उपाय नवा नव्हता. एका मित्राच्या १९८१ मधल्या अपघाती मृत्यूनंतर शरीरयांत्रिकीचा एक प्राध्यापक आणि त्याचा रेसिंग करणारा मेहुणा यांनी खांद्यांवर बसणारी आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेटला धरणारी कॉलर त्याच दशकात तयार केली होती. अवघडतं, मान वळत नाही, गाडीतून लवकर बाहेर पडता येत नाही, अशी नाना कारणं सांगत बहुतेकांनी ती टाळली. ऑक्टोबर २००१ मध्ये त्या अमेरिकन मालिकेत अशा साधनाची सक्ती झाली, २००३ मध्ये ग्राँ प्रीमध्ये.

या कॉलरने हार्नेसचा हिशेबच बदलला. ती खांद्यांच्या पट्ट्यांखाली दाबून बसते. पट्टे तिच्यावरून घसरले तर तिचा काहीच उपयोग नाही. खांद्यांचे पट्टे मागे क्षितिजरेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली नेऊ नयेत, शक्यतो १० अंशांच्या आत ठेवावेत, असं नियमात होतंच. पट्टे तीव्र उताराने थेट फरशीला बांधले, तर धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि कणा चेपला जातो. आता त्या कोनावर मानही अवलंबून झाली. ७५ मिलीमीटरच्या रुंद पट्ट्यांऐवजी कॉलरवर नीट बसणारे ५० मिलीमीटरचे पट्टे रूढ झाले. सीटच्या पाठीतल्या भोकांची उंची हा मापाचा प्रश्न झाला. भोकं खांद्याच्या खाली असतील तर पट्टा सीटच्या कडेवर मोडतो आणि मागे पट्टे ज्या दांडीला बांधले तिथपर्यंतचा कोन कितीही अचूक असला तरी वाया जातो.

सीटचा इतिहास यापेक्षा शांत आहे. १९६० च्या दशकात रॅलीसाठी कड उंच केलेल्या सीट आल्या, मग काचतंतूंच्या अखंड कवचाच्या, मग कार्बनच्या. १९९९ च्या FIA मानकाने कवचाची चाचणी ठरवली आणि वापराला पाच वर्षांची मर्यादा घातली. २००९ मध्ये डोक्याच्या बाजूंना आधार देणारं, बरंच कडक दुसरं मानक आलं. पण सीट तुटण्याआधी तिचा पाया सुटतो, हे कोणताही फॅब्रिकेटर सांगेल. म्हणून नियमपुस्तकात खरा तपशील ब्रॅकेटचा आहे: चार जागी ८ मिलीमीटरचे बोल्ट, पोलादी ब्रॅकेट किमान ३ मिलीमीटर जाड, हलक्या मिश्रधातूचं असेल तर ५, आणि प्रत्येक जागी गाडीच्या पत्र्याशी किमान ४० चौरस सेंटीमीटर संपर्क. पट्ट्याच्या प्रत्येक अँकरने सुमारे दीड टनाचा भार सोसला पाहिजे, मांड्यांमधल्या पट्ट्यांच्या अँकरने त्याच्या निम्मा. फरशीच्या पातळ पत्र्याला भोक पाडून खाली नुसता वायसर लावला तर तो भार कशावर येणार? खाली जाड पट्टी लागतेच.

ही सगळी मापं आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असलेल्या रेसिंग गाडीसाठी ठरली. नोकरीला नेण्याच्या आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर पळवण्याच्या गाडीत ती जशीच्या तशी येत नाहीत. इथे सोयीचा मार्ग म्हणून चार-पॉइंट हार्नेस परत आला, मागच्या सीटच्या अँकरना अडकवायचा. एका जर्मन कंपनीने त्यात हुशारी केली. खांद्याच्या एका पट्ट्यात घडी घालून शिवण ठेवली, जी धडकेत उसवते. एक खांदा थोडा जास्त पुढे जातो, शरीर किंचित वळतं, आणि पाचव्या पट्ट्याशिवायही सबमरीनिंग टळतं. रस्त्यासाठीची मान्यताही त्याला मिळाली. मात्र ती गाडीच्या मूळ सीटसाठी आणि ठरावीक अँकरसाठी. कवचाच्या सीटवर तोच हार्नेस बांधला की हिशेब कोलमडतो. शिवणीची घडी नसलेले, नुसते दिसायला तसे चार-पॉइंट पट्टे तर कुठेच लावू नयेत.

दुसरा वाद छताचा. गाडी उलटून छत दबलं तर तीन-पॉइंट पट्ट्यातला माणूस बाजूला कलंडू शकतो, हार्नेसमधला ताठ बसलेलाच राहतो, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, उलटणं क्वचित आणि समोरची धडक नेहमीची, मग क्वचितसाठी नेहमीचं का सोडायचं? मला पहिली बाजू पटते, म्हणजे पिंजरा नसेल तर मूळ पट्टाच बरा, कारण पर्याय उघड्या छातीचा नाही. मूळ पट्ट्याला आधीच ताण देणारं यंत्र आणि एअरबॅग जोडलेली असते. सीट बदलताना बाजूची एअरबॅग जाते, सीटवरच्या माणसाचं वजन ओळखणारा सेन्सर जातो, आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला दोन-तीन ओहमचा रेझिस्टर खोचला जातो. दिवा विझतो, पण गेलेलं संरक्षण परत येत नाही. उलट बाजूने, हेल्मेट न घालता पिंजऱ्याच्या गाडीतून रस्त्यावर फिरणं हेही धोक्याचंच. साध्या धडकेतही डोकं पोलादी नळीवर आपटतं.

पट्ट्याच्या मुदतीवरही वाद होतो, पण त्यात तितका दम नाही. नायलॉनऐवजी कमी ताणणारं पॉलिस्टर आलं, तरी ऊन दोघांनाही कमकुवत करतं, आणि लेबलावरचं वर्ष उलटलं की तपासणीत पट्टा बाद होतो. ज्याची गाडी शेडमध्ये उभी असते त्याला हा अन्याय वाटतो. पण तपासनिसाला कापड पाहून त्याची ताकद कळत नाही, एवढं त्याचं साधं कारण आहे.

अलीकडे काही कारखानदारच हा गुंता सोडवून देतात. मागे बोल्टने बसणारा अर्धा पिंजरा, ड्रायव्हरसाठी सहा-पॉइंट हार्नेस, आत एअरबॅग असलेली कार्बनची सीट, अग्निशामक, आणि रस्त्यासाठी मूळ तीन-पॉइंट पट्टाही जागेवर. ट्रॅकवर एक बांधायचा, घरी जाताना दुसरा. काही देशांत मात्र हा पिंजरा गाडीबरोबर विकताच येत नाही. तिथे गिऱ्हाइकाला सीट मिळते, आणि खांद्यांचे पट्टे कशाला बांधायचे हे त्याचं त्याला ठरवावं लागतं.