संगणकातला चुंबक आणि ०.९११ हा आकडा

लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ते चुंबकाला चिकटेनासं होतं. ते वितळलेलं नसतं, त्याला १५३८ अंश लागतात. अणूंच्या चुंबकीय दिशांमधली एकजूट तेवढी मोडलेली असते. या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. ही एकजूट कशी मोडते हे पाहायला भट्टी लागत नाही. साधा लॅपटॉप आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पन्नासेक ओळी पुरतात.

त्यासाठीचं मॉडेल विल्हेल्म लेन्झ यांनी १९२० मध्ये सुचवलं आणि त्यांचे विद्यार्थी अर्न्स्ट आयझिंग यांच्या नावाने ते ओळखलं जातं. चौकटीच्या कागदासारखी जाळी घ्या. प्रत्येक घरात एक स्पिन, म्हणजे अणूची चुंबकीय दिशा, +१ किंवा −१. शेजारच्या घराशी जुळलं तर त्या जोडीची ऊर्जा −१, विरुद्ध असेल तर +१. एवढंच! तरीही २० × २० च्या जाळीत शक्य असलेल्या रचनांची संख्या १२१ अंकी होते, त्यामुळे सगळ्या रचना मोजून सरासरी काढणं अशक्य. म्हणून १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली मेट्रोपोलिस पद्धत वापरतात.

एक घर रँडम निवडा. त्याच्या चार शेजाऱ्यांची बेरीज करून तिला त्या स्पिनने आणि २ ने गुणा. स्पिन उलटवल्यास ऊर्जा किती बदलेल, ते हे उत्तर. ते शून्य किंवा ऋण असेल तर स्पिन उलटवा. धन असेल तर ० ते १ मधला रँडम आकडा काढा आणि तो e^(−बदल/तापमान) पेक्षा लहान असेल तरच उलटवा. बदल फक्त −८, −४, ०, ४ आणि ८ एवढाच असू शकतो, म्हणून दोनच घातांकी किमती आधी काढून ठेवाव्यात. तापमान २ असताना त्या ०.१३५ आणि ०.०१८ येतात (मॉडेलमधलं तापमान अंश सेल्सिअसमध्ये नसतं, ऊर्जेच्याच एककात मोजतात). १०० × १०० च्या जाळीत असे १०,००० प्रयत्न म्हणजे एक फेरी.

कडेच्या घरांना शेजारी कुठून आणायचे? उजव्या कडेनंतर पुन्हा डावी कड, खालच्या कडेनंतर वरची. पायथनमध्ये −१ क्रमांक आपोआप शेवटचं घर देतो, पण १०० क्रमांकावर प्रोग्रॅम थांबतो, म्हणून १०० ने भागून बाकी घ्यावी.

पडद्यावर काळे-पांढरे ठिपके हलायला लागले की काम झालं असं वाटतं. खरं शिकणं इथून पुढे आहे, कारण चुकीचा प्रोग्रॅमही छान चित्र काढतो. सुदैवाने या मॉडेलचं अचूक उत्तर आपल्या हाती आहे. लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये हे मॉडेल अचूक सोडवलं. मोठ्या जाळीत चुंबकत्व २.२६९ या तापमानाला नाहीसं होतं. तापमान २ ला दर स्पिनमागे चुंबकत्व, म्हणजे सगळ्या स्पिनची सरासरी, ०.९११ आणि ऊर्जा −१.७४६ आली पाहिजे. आधी हे दोन आकडे जुळवा.

ऊर्जा नेमकी दुप्पट, −३.४९ आली, तर प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली आहे. आकडे थोडेसेच पण हटकून चुकत असतील तर नाकारलेले प्रयत्न पाहा. स्पिन उलटला नाही तर जुनी रचना सरासरीत पुन्हा धरायची असते. बरेच जण फक्त यशस्वी प्रयत्न मोजतात. सुरुवातीच्या काही शे फेऱ्याही सरासरीत घेऊ नयेत, जाळी तोवर स्थिरावलेली नसते.

वेग वाढवायला सगळ्या घरांचा उलटण्याचा निर्णय एकदम घेणं ही सर्वात फसवी चूक. थोड्याच वेळात जाळीत बुद्धिबळाच्या पटासारखे तुकडे लुकलुकू लागतात. प्रत्येक स्पिन शेजाऱ्यांची जुनी अवस्था पाहून उलटतो आणि त्याच क्षणी शेजारीही त्याची जुनी अवस्था पाहून उलटतात. विरुद्ध असलेले विरुद्धच राहतात. उपाय पटातच आहे. आधी सगळी काळी घरं, मग सगळी पांढरी. एका रंगाची घरं एकमेकांची शेजारी नसतात.

आता रँडम जाळी एकदम तापमान १ वर आणून पाहा. कधीकधी एक रुंद पट्टा उरतो आणि हजारो फेऱ्यांनंतरही जात नाही. पट्ट्याच्या सरळ कडेवरचा स्पिन पाहा: तीन शेजारी त्याच्याच बाजूचे, एक विरुद्ध. उलटायला ४ एकक ऊर्जा लागते, शक्यता ०.०१८. उलटलाच तर बहुधा लगेच परत फिरतो. प्रोग्रॅम इथे बरोबर आहे, जाळी अडकली आहे. सगळे स्पिन +१ ठेवून सुरुवात केली की हा पट्टा टळतो.

२.२६९ च्या आसपास अडचण वेगळी असते. एकाच चिन्हाच्या स्पिनचे सगळ्या आकारांचे पुंजके एकाच वेळी दिसतात आणि ते फार सावकाश बदलतात; जाळीची बाजू दुप्पट केली तर चौपटीहून जास्त फेऱ्या लागतात. छोट्या जाळीत तर सगळं चुंबकत्व मधेच +चं − होतं आणि सरासरी शून्याकडे जाते, म्हणून चिन्ह सोडून किंमत घ्यावी. उली वोल्फ यांनी १९८९ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत अख्खा पुंजका एकदम उलटवतात, त्याने हा वेळ खूपच वाचतो.

खऱ्या पदार्थात स्पिनला दोनच दिशा नसतात. हार्ड डिस्कसारख्या उपकरणांसाठी ओओएमएमएफ किंवा म्युमॅक्स३ हे मोफत प्रोग्रॅम वापरतात. त्यांत प्रत्येक घर म्हणजे हजारो अणूंचा ठोकळा आणि त्याची दिशा कुठलीही. घराची बाजू काही नॅनोमीटरच्या आतच ठेवावी लागते, नाहीतर शेजारच्या दोन घरांतली दिशा एकदम वळते आणि ऊर्जेचा हिशोब बिघडतो. इथे ऑनसागरसारखं अचूक उत्तर सहसा नसतं. म्हणून ५ नॅनोमीटरच्या घरांवर आलेलं उत्तर अडीच नॅनोमीटरच्या घरांवर पुन्हा काढतात, आणि दोन्हींत ठळक फरक दिसला तर पहिलं टाकून आणखी लहान घरं घेतात.