गल्ले दोन, साठा एक

रॅकवरचा शेवटचा शर्ट दुकानात आणि वेबसाइटवर एकाच वेळी विकला गेला, की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. पण माल कुठे आणि कोणाच्या नावावर ठेवायचा, हे आपल्याकडे कर आणि कायद्यानेच जास्त ठरवलं. भिवंडीत गोदामं वाढली, त्यामागे मुंबईची जकात हे एक मोठं कारण होतं: माल हद्दीबाहेर उतरवायचा, लागेल तेवढाच आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तरी नाशिकच्या दुकानातून स्वतःच्याच सुरतच्या दुकानात धाडलेला माल कायद्याने पुरवठाच ठरतो. कर आधी भरा, क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मागाहून.

खरा तिढा 'साठा' या शब्दाचा. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीचे दोन प्रकार पाडले: स्वतःचा साठा विकणारे आणि इतर विक्रेत्यांसाठी वेबसाइटवर नुसता बाजार भरवणारे. परकी भांडवलाला दुसराच प्रकार खुला राहिला, आणि तिथेही एका विक्रेत्याचा वाटा एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांपुढे नको. डिसेंबर २०१८ च्या पत्रकात पुन्हा २५ टक्केच आले, पण माप उलटं. विक्रेत्याने त्याहून जास्त खरेदी त्या बाजाराकडून किंवा त्याच्या गटातल्या कंपन्यांकडून केली, तर साठा बाजाराच्याच ताब्यातला समजायचा. आधी विक्री मोजत होते, आता खरेदी. या दोन पंचविसांची सरमिसळ अजून होते. अंमल १ फेब्रुवारी २०१९ पासून, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांत. एवढ्यात गोदामांचे करार फिरवणं कोणाला जमणार होतं? छोट्या दुकानदाराचं नाव पुढे होतं, पण सोय झाली ती देशी भांडवलाच्या मोठ्या साखळ्यांची. त्यांना दुकान आणि वेबसाइट एकाच साठ्यावर चालवायला आडकाठी नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत कपडे, चपला बंद शटरमागे अडकल्या आणि सुरुवातीला ऑनलाइन विकायलाही मनाई होती. शटर उघडल्यावर कित्येक साखळ्यांनी दुकानातूनच पार्सलं पाठवायला घेतली. पुढे दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांची 'डार्क स्टोअर्स' आली: रॅक आहेत, गल्ला नाही, गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही. अशाच एका कंपनीने २०२५ मध्ये परकी मालकी ४९.५ टक्क्यांवर रोखण्याचा ठराव भागधारकांकडून मंजूर करून घेतला, कंपनी देशी ठरून साठा स्वतःच्या नावावर ठेवता यावा म्हणून.