रिंग लाइट आणि अक्षीय प्रकाश : नाण्याच्या छायाचित्रणातील दोन भिन्न रचना

लेन्सभोवती बसवलेला रिंग लाइट आणि काचेवरून परावर्तित करून नाण्यावर सरळ खाली सोडलेला अक्षीय प्रकाश, या दोहोंनाही ‘समोरचा प्रकाश’ म्हणत असल्यामुळे पुष्कळांना ते एकच वाटतात. वास्तविक रिंग लाइटचा प्रकाश लेन्सच्या कडेने, किंचित तिरका येतो. अक्षीय प्रकाश मात्र लेन्स ज्या रेषेत पाहते त्याच रेषेने उतरतो.

आरशासारख्या पृष्ठभागाच्या प्रूफ नाण्यावर (संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेल्या नाण्यावर) हा फरक लपत नाही. लेन्स आणि रिंग लाइटचे गोल कडे एकाच उंचीवर असतील, तर १० सेंटिमीटर व्यासाच्या कड्याचे प्रतिबिंब नाण्याच्या पातळीवर साधारण ५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर दिसायला हवे. २५ मिलिमीटरचे नाणे त्या वर्तुळाच्या आतच राहते. म्हणून त्याच्या सपाट भागात दिवा दिसत नाही, दिसते ती काळी लेन्स, आणि चकचकीत नाणे छायाचित्रात काळवंडलेले वाटते. दिव्याची तीव्रता वाढवून हा दोष जात नाही.

अक्षीय रचनेत लेन्स आणि नाणे यांच्यामध्ये साधी पातळ काच ४५ अंशांत धरतात आणि दिवा बाजूला, काचेच्या उंचीवर ठेवतात. सपाट भाग प्रकाश थेट लेन्सकडे परत पाठवतो म्हणून उजळतो, तर अक्षरांच्या आणि नाण्यावरील चेहऱ्याच्या उतरत्या कडा तो दुसरीकडे फेकतात म्हणून गडद होतात. जुन्या चांदीवर चढलेल्या पातळ थराचे निळे-जांभळे रंगही याच प्रकाशात खुलतात. काच जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश खाली वळवते, त्यामुळे शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून टायमर लावणे ओघानेच आले.

काळ्या कागदाची एक पट्टी दिवा आणि नाणे यांच्यामध्ये उभी करावी, नाहीतर दिव्याचा थेट प्रकाश नाण्यावर तिरका पडतो. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळे कापड हवे. मी सुरुवातीला ते लावले नव्हते आणि पांढरी भिंत काचेत परावर्तित होऊन प्रत्येक फोटोवर धुके पसरले होते. दोष लेन्सचा समजून मी ती तीनदा पुसली.

झिजलेल्या, निस्तेज तांब्याच्या नाण्याला मात्र हा खटाटोप मानवत नाही. तेथे रिंग लाइट पुरतो, फक्त चहूबाजूंनी सारखा प्रकाश पडून उठाव सपाट दिसू नये म्हणून कड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा.