चौदाचे दहा दिवस कोणी केले?

गणपती जवळ आले की कोकणात अजून ऐकू येतं, "२०२० मध्ये कोरोनात गावी येणाऱ्यांना डॉक्टरांनी आधी चौदा दिवस वेगळं राहायला (क्वारंटाइन) सांगितलं, मग त्याचे दहा केले. त्यांचंच काही ठरत नव्हतं." हे चूक आहे.

चौदाला आधार होता. कोरोनाची लक्षणं साधारण पाच दिवसांत दिसतात, पण काहींना दोन आठवडेही लागतात. ऑगस्टपर्यंत विषाणूचा हा स्वभाव बदलला नव्हता. जवळ आली होती ती चतुर्थी, २२ ऑगस्टची. सरकारने चाकरमान्यांना १२ तारखेपर्यंत गावी पोहोचायला सांगितलं. बावीसातून बारा वजा करा, हिशोब उघड आहे! उशिरा निघणाऱ्यांना चाचणी. इकडे काही गावांत साथीसाठी नेमलेली ग्रामकृती दलं चौदावर अडून बसलेली, तिकडे मुंबईकरांना एवढी रजा मिळेना. तडजोड करणं भागच होतं, आणि ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. फक्त ती डॉक्टरांच्या माथी मारू नये.

डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखालचा टास्क फोर्स, म्हणजे राज्याचा तज्ज्ञ डॉक्टरांचा गट, फक्त सल्ला द्यायचा. आदेश निघत ते १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांखाली, मुख्य सचिवांच्या नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने.