बेस्टचा संप: तूट कुणी भरायची हा जुना प्रश्न

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत बेस्टचा संप झाला. ८ तारखेला सुरू झालेला हा संप नऊ दिवस चालला, आणि बेस्टच्या इतिहासात इतका लांबलेला दुसरा संप नाही. सुमारे ३२ हजार कर्मचारी, तीन हजारांवर बस आणि रोजचे अंदाजे २५ लाख प्रवासी यांचा हा प्रश्न होता. पगारवाढीसाठी झालेला संप म्हणून तो लक्षात राहिला, पण त्याचं मूळ बेस्टच्या हिशेबाच्या वहीत सापडतं.

बेस्टची सुरुवात जिच्यापासून झाली, त्या १९०५ च्या कंपनीकडे वीजपुरवठा आणि ट्राम दोन्ही होतं. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, ७ ऑगस्ट १९४७ ला उपक्रम महापालिकेकडे आला आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बंद झाली. मालक बदलला तरी वीज आणि वाहतूक एकाच छपराखाली राहिली. शहर विभागातल्या विजेतून शिल्लक पडायची आणि ती बसच्या तुटीत जिरायची. त्यामुळे तिकीट स्वस्त ठेवता आलं. २००३ च्या वीज कायद्यानंतर ग्राहकाच्या बिलातून बसचा तोटा का वसूल करायचा, हा वाद नियामक आयोगापासून न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी ती वसुली बंद पडली. तुटीसाठी दुसरी सोय मात्र कुणीच केली नव्हती.

मग २०१५ मध्ये दोनदा भाडेवाढ झाली आणि किमान भाडं ८ रुपयांवर गेलं. जवळच्या अंतराचा प्रवासी शेअर रिक्षा, शेअर टॅक्सीकडे वळला. प्रवासी घटले की फेऱ्या कापायच्या, फेऱ्या कापल्या की थांब्यावर ताटकळणं वाढतं आणि आणखी प्रवासी जातात. एके काळी रोज ४० लाखांवर असलेली संख्या अशीच उतरत गेली. २०१७ मध्ये पगारच वेळेवर होईनात. त्या वर्षी ७ ऑगस्टला, म्हणजे नेमक्या बेस्ट दिनी आणि तेही रक्षाबंधनाच्या दिवशी, एक दिवसाचा संप झाला.

म्हणूनच २०१९ च्या मागण्यांत पहिली मागणी बेस्टचा स्वतंत्र 'क' अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य म्हणजे 'अ' अर्थसंकल्पात विलीन करण्याची होती. तसं झालं असतं तर पगाराची हमी थेट पालिकेवर आली असती. पालिकेच्या सभागृहाने तसा ठराव आधी केला होता, अंमलबजावणी मात्र झाली नव्हती. दुसरी मागणी २००७ नंतर कनिष्ठ वेतनश्रेणीत भरती झालेल्यांची होती. एकच बस, एकच मार्ग, शेजारी बसणारा सहकारी जुन्या श्रेणीत आणि आपण कनिष्ठ श्रेणीत, ही खदखद आगारात रोज अनुभवायला मिळत होती. संप पुकारणाऱ्या बेस्ट वर्कर्स युनियनला मिळालेल्या पाठिंब्यातला मोठा भाग या कनिष्ठांचा होता, असं आमचं मत आहे.

अत्यावश्यक सेवांतल्या संपाला मनाई करणारा मेस्मा कायदा लावला, वसाहतीतली घरं रिकामी करण्याच्या नोटिसा गेल्या, तरी बस निघाल्या नाहीत. कारण व्यवहाराचं आहे. चालकाला अवजड प्रवासी वाहनाचा परवाना आणि बिल्ला लागतो, वाहकालाही आरटीओचा बिल्ला लागतो. दोन पाळ्यांत धावणाऱ्या एका बसला दिवसाला चार माणसं लागतात. कार्यालयातले अधिकारी ती जागा घेऊ शकत नाहीत आणि एसटीच्या जादा गाड्या मोजक्याच मार्गांना पुरतात. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर १६ जानेवारीला संप मागे घेतला गेला. कनिष्ठ श्रेणीला २० वेतनवाढी हव्या होत्या. अंतरिम म्हणून १० मिळाल्या, बाकीच्या मागण्या निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांच्या मध्यस्थीकडे गेल्या. अर्थसंकल्पाचं विलीनीकरण झालं नाही.

त्याच वर्षी पालिकेने पैसे देण्याचं कबूल केलं, पण भाडेतत्त्वावरच्या बस घेण्याची अट होती. किमान भाडं ९ जुलैपासून ५ रुपये झालं. या पद्धतीत बस, तिची देखभाल आणि चालक कंत्राटदाराचा, तर बेस्ट त्याला किलोमीटरमागे दर देते. स्वतःच्या ३,३३७ बस कायम राखण्याचं युनियनला दिलेलं आश्वासन मात्र पाळलं गेलं नाही. १५ वर्षांचं आयुष्य संपलेल्या बस भंगारात गेल्या, जागी नव्या स्वमालकीच्या आल्या नाहीत आणि २०२४ च्या अखेरीस हा ताफा हजाराच्या आत आला.

ऑगस्ट २०२३ मध्ये घाटकोपर आणि मुलुंड आगारांतून कंत्राटी चालकांचा संप पेटला आणि एकेक कंत्राटदाराचे चालक त्यात उतरत गेले. तोवर निम्म्याहून जास्त बस भाडेतत्त्वावरच्या होत्या. बेस्ट कंत्राटदाराला दंड करू शकत होती, पण चालकांशी वेतनकरार करण्याचा किंवा त्यांना नोटीस देण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. ज्यांच्याशी बोलायचं ते दुसऱ्याच्या हजेरीपटावर होते, म्हणून वाटाघाटी अखेर मुख्यमंत्र्यांच्या दालनात गेल्या. किमान भाडं मे २०२५ मध्ये पुन्हा वाढून १० रुपये झालं.